डावीकडचं दार

त्या गाडीला डावीकडे दार नव्हतं.
दाराची रेघ होती, पत्र्यात ठोकून उठवलेली,
कोपरे गोल, थेट खऱ्यासारखे.
पण मूठ नाही, बिजागरी नाही, फट नाही.
पहिल्या दिवशी ऑरिन विल्कॉक्सनं ते तीनदा ओढलं
आणि मग वळून पाहिलं, कुणी बघतंय का.
मी बघत होतो. कोठाराच्या माळ्यावर, गवतात पालथा.
बारा वर्षांचा गडी, पोटावारी ठेवलेला.

तीनशे साठ डॉलर, रोख.
निम्मे लोकरीचे. उरलेले थर्झाच्या अंड्यांचे,
हे ऑरिन कुणाला सांगत नसे
आणि थर्झाही सांगत नसे,
फक्त कोंबड्यांना दाणे टाकताना
गाडीकडे जरा जास्त वेळ बघे.

लोहार म्हणाला, स्वस्तात काहीतरी खोटं निघायचंच.
दार निघालं. ब्रेक निघाला असता तर?

तर बसायची रीत अशी:
आधी हँडल मारायचं,
इंजिन मरायच्या आत धावत उजवीकडून चढायचं,
सोबतीच्या जागेवरून घसपटत जायचं
आणि चाकामागे टेकायचं.
ऑरिन हे सगळं करीपर्यंत
थर्झा बाहेर उभी,
एका हातात टोपी, एका मुठीत स्कर्ट.
दोन हिवाळे ती अशी उभी राहिली.

मार्चमध्ये, रस गोळा करायच्या दिवसांत,
ठिणगीची दांडी वर करायला तो विसरला.
गाडीनं लाथ घातली.
थंडीत मेपलचं खोड रात्री तडकतं ना,
तसा आवाज,
फक्त उजेडात, आणि माणसातून.

थर्झानं एप्रन सोडला, हात गळ्यात बांधला.
मला म्हणाली, "मार हँडल. अंगठा बाहेर नको,
बोटांच्याच बाजूला ठेव."
हे तिला कुणी शिकवलं होतं?
दांडी वर केली. मी फिरवलं. गाडी खोकली, धरली.
मग ती चढली, सरकत गेली पलीकडे,
आणि ऑरिन विल्कॉक्स
फुटबोर्डाशी उभा राहिला,
आपली पाळी येईपर्यंत.

डॉक्टर टेकडीपल्याड, नऊ मैल.
टाकीत काठी बुडवली तर दोन बोटं ओली.
एवढ्या पेट्रोलवर तो चढ सरळ चढत नाही,
टाकी सीटखाली, इंजिन वर, थेंब उलटा कसा जाणार?
तिनं पायथ्याशी गाडी वळवली,
मधलं पेडल दाबलं
आणि आम्ही टेकडी उलटे चढलो.

ती मान मागे करून, माझ्या डोक्यावरून रस्ता बघत होती,
ओठ दातांत.
तो समोर बघत होता.
दोन हिवाळे शेजारी बसून
तिनं त्याचे पाय पाठ केले होते;
हे त्याला बहुधा तिथंच कळलं,
अर्ध्या चढावर,
खाली त्याचं घर, त्याचं कोठार, त्याची धुराची रेघ
लहान लहान होत चालली तेव्हा.
तो एकदाच बोलला: "खड्डा आहे."
ती म्हणाली, "माहीत आहे."

हाड बसलं, थोडं वाकडं.
मे महिन्यात पट्टी सुटली.
पहिल्या रविवारी चर्चला निघालो,
मी हँडल मारलं, गाडी थरथरत उभी,
दिव्यांच्या काचा खणखणत होत्या.
उजव्या बाजूला दोघं.
त्यानं तिच्याकडे पाहिलं.
तिनं स्कर्ट मुठीत धरला, पण पाय उचलला नाही.
तो टोपी काढून पुन्हा घालत बसला.
कोंबड्या चाकांखालून आरामात ये-जा करीत होत्या.

"चढ ना," कुणीतरी म्हणालं.
कोण म्हणालं ते इंजिनाच्या आवाजात
मला ऐकू आलं नाही.

मग इंजिनही बंद पडलं.
मी पुन्हा पुढे गेलो,
अंगठा जपून.